विहीणबाईंना शेक

...आणि वर लोकांनी म्हणायचं काय, तर ‘मैसूरची हवा किती छान!’ छान म्हणे! अहो, छान हवेत बाईच्या पाठीवरून सकाळी सकाळी ओघळ लागतात का? छान हवेत मिठाच्या बरणीत चमचा असा रुतून बसतो का, की एकाने बरणी धरावी आणि दुसऱ्याने चमचा ओढावा? पण नाही. ज्याला विचाराल तो आभाळाकडे बघणार, छाती भरून श्वास घेणार, जशी काही ती हवा त्यानेच घरी तयार केली आहे, आणि म्हणणार, मैसूरची हवा छान!

तुम्हाला सांगते, मी जळगावची. मला उन्हाचं कुणी शिकवू नये. पण आमचं ऊन सरळमार्गी हो! घराबाहेर पाऊल टाकलं की एक चापट मारतं, ‘जा घरात’ म्हणतं, आपण घरात जातो, दार लावतो, विषय संपला. दोरीवर टॉवेल टाकून पाठ फिरवेपर्यंत टॉवेलचा पापड! आणि इथलं ऊन? हे चापट मारत नाही, हे गळ्यात पडतं. एखादी लांबची मावशी कशी येते, गालाला ओला गाल लावते आणि मग चार दिवस उठायचं नावच घेत नाही... तसं. सावलीत जा, सावलीत येतं. पंख्याखाली बसा, पंख्याखाली येतं. आंघोळ करून बाहेर आले की मलाच प्रश्न पडतो, अंग पुसलं होतं की राहिलं?

आणि सांगायचं कुणाला? जळगावला नणंदेला फोन केला, कमलिनीला, की बाई गं, फार उकडतंय. तर ती काय म्हणाली माहितेय? “किती आहे वहिनी तुमच्याकडे? चौतीस? अय्या, इथे पंचेचाळीस आहे! मज्जाय बाई तुमची!” मज्जा! फोन कानाला धरून धरून माझा कान घामाने फोनला चिकटलेला, आणि हिला मज्जा दिसते!

बरं, इथे आम्हाला कुणी पाठवलं होतं का? मुळीच नाही. देवश्री, आमची मुलगी, इथे कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली आणि आमच्या ह्यांनी कंपनीत अर्ज करून, मागून, हात जोडून मैसूरची बदली घेतली. कशासाठी? तर “अगं, मैसूरची हवा छान असते.” घ्या! मैसूरच्या टोकाला, हिनकलला घर घेतलं भाड्याने, आणि येताना ट्रकमध्ये आमचा लोखंडी कूलर चढवला. जळगावात कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष हो. मी म्हटलं, हा असला की मला जगात कुठेही टाका. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात खिडकीत बसवला, पाणी भरलं, सुरू केला... आणि तुम्हाला सांगते, दहा मिनिटांत घराचं मोदकपात्र झालं! भिंती ओल्या, कॅलेंडर ओलं, ह्यांचा चष्मा धुक्यात. खालचा वॉचमन मंजुनाथ धावत वर आला आणि घाबरून विचारतो, “अम्मा, ओळगडे मळे बर्ता इदेया?” घरात पाऊस पडतोय का, असं विचारत होता तो. मला तेव्हा कानडी कुठलं कळतंय? मी आपली मान हलवली, “हो हो, चहा घेणार का?”

ती मान हलवायची सवयच नडली बघा. तेच तर सांगायचंय.

देवश्रीने लग्न ठरवलं. स्वतःच. ऑफिसातला मुलगा, विक्रांत, मैसूरच्याच अग्रहार भागात घर, आणि मराठी! मी म्हटलं, देव पावला. पण देवश्री म्हणाली, “आई, तसं मराठी नाही.” म्हणजे कसं? तर यांचे पूर्वज केव्हातरी शिपाईगिरी करत मैसूरच्या राजाकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कानडी. आणि विक्रांतच्या आईला, गोदावरीबाईंना, एकाच गोष्टीची धास्ती. मागे कुठल्याशा लग्नात पुण्याकडच्या कुणी बाई त्यांच्या बोलण्याला फिसकन हसल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी म्हणून ठेवलं होतं, ‘ज्या घरात माझ्या बोलण्याला हसतील, त्या घरची पोर मला नको.’

आता माझ्या पोरीचं सगळं या एका गोष्टीवर अडकलेलं! विक्रांतचे आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे यायचे, त्याच्या आदल्या दिवशी देवश्रीने मला समोर बसवलं. मला! जिने हिला अ आ इ शिकवलं तिला! म्हणते, “आई, हसायचं नाही. त्यांचं मराठी दुरुस्त करायचं नाही. आणि एखादा शब्द कळला नाही तर ‘म्हणजे काय’ विचारायचं नाही. कळल्यासारखं करायचं.”

मी म्हटलं, बरं बाई.

आले. भर एप्रिलात, दुपारचे, रिक्षाने, अग्रहारापासून हिनकलपर्यंत. देवश्री आणि विक्रांत मिठाई आणायला खाली गेलेले, आणि पाहुणे दारात पाऊल ठेवतात न ठेवतात तोच वीज गेली! पंखा थांबला. मालोजीराव, म्हणजे विक्रांतचे वडील, वर पंख्याकडे बघून म्हणाले, “करंट गेला, अल्वा, हो ना? असूं द्या, मैसूरची हवा छान आहे.” मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. गोदावरीबाई भरजरी रेशमी साडीत, डोक्यात मोगऱ्याचा एवढा गजरा, सोफ्यावर टेकल्या, हात मागे पाठीकडे नेला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “अय्यो... लई शेके हो!”

मी कान टवकारले.

“पाठीत तर विचारूंच नका. शेके... शेके!”

आणि मालोजीराव म्हणतात, “हिचं सकाळपासून हेच चाललंय बघा. शेके, शेके, शेके!”

आता तुम्हीच सांगा! बाई मराठी, हात पाठीवर, तोंडाने शेक शेक म्हणतेय, नवरा सांगतोय सकाळपासून मागतेय. मी काय समजायचं? मी म्हटलं, रिक्षा हुणसूर रोडवरच्या गतिरोधकांवर आपटली असणार, पाठ धरली बिचारीची. शेवटचा तो ‘ए’ कुठला, ते कळलं नाही. पण देवश्रीचा हुकूम! कळल्यासारखं करायचं. मी म्हटलं, “हो हो, आत्ता देते!” आणि धावले स्वयंपाकघरात.

हे आले मागोमाग. “अगं, काय करतेस?” म्हटलं, शेकायची पिशवी भरतेय. “ह्या उकाड्यात?” मी म्हटलं, “त्यांनी तोंडाने मागितलंय! पहिल्यांदा घरी आलेल्या विहिणीला नाही म्हणू? सरका!” गॅसवर पाणी उकळलं, लाल रबरी पिशवी गच्च भरली, वरून फडकं गुंडाळलं, बाहेर आले, म्हटलं, “जरा पुढे वाका हं,” आणि दिली पाठीला लावून!

गोदावरीबाई अशा ताठ झाल्या... अशा! डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, नवऱ्याकडे बघितलं. मालोजीरावांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग हळूच मान डोलावली. आणि गोदावरीबाई म्हणाल्या, “अहाहा... सुख वाटतंय हो.”

मी खूश! म्हटलं, बघा, आपल्याला कळतं सगळं.

मी तिथेच उभी, पिशवी दाबून धरलेली. खिडकीतून वाऱ्याची झुळूक नाही, पंखा मेलेला, माझ्या कोपरांवरून घाम टपटप. विहीणबाईंचं कुंकू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळत आलं, गजरा मान टाकून पडला, पण बाई हसतायत! “बेडा” म्हणायच्या मधूनमधून, हात असा हलवून. मला वाटलं, उजवीकडे घ्या म्हणतात. घेतली उजवीकडे. मग जरा वेळाने मालोजीराव खाकरले आणि अगदी अदबीने म्हणाले, “हे... फक्त बायकांनाच असतं काय? का आम्हालाही?”

झालं! आता व्याह्यांना नाही कसं म्हणणार? दुसरी पिशवी कुठे आहे घरात? आमचे हे गेले, तव्यावर जाड पंचा तापवून आणला आणि व्याह्यांच्या पाठीला लावत बसले. डोळ्यांसमोर आणा जरा! सोफ्यावर दोघं पाहुणे पुढे वाकलेले, मागे आम्ही दोघं यजमान शेक देत उभे, चौघांच्या अंगातून वाफा, आणि मालोजीराव म्हणतायत, “मैसूरची हवा छान आहे, हुणसूरला याहून जास्त.”

मग मी चिवडा दिला. सकाळी कुरकुरीत तळलेला हो! पण डब्यातून बशीत येईपर्यंत इथल्या हवेने त्याचं काय केलं होतं, काय सांगू! चावताना आवाजच नाही. गोदावरीबाईंनी घास घेतला, जरा थांबल्या. “महाराष्ट्रात चिवडा मऊच करतात काय?”

“हो!” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“छान पद्धत आहे,” मालोजीराव म्हणाले, “दातांना त्रास नाही.”

तेवढ्यात पोरं आली. देवश्री दारातच थबकली. विक्रांतच्या हातातला मिठाईचा पुडा तिरका झाला. “अम्मा! एनायितु?” काय झालं, असं ओरडला तो. गोदावरीबाईंनी त्याच्यावर असे डोळे वटारले! म्हणाल्या, “गप्प बस. शास्त्र चाललंय.”

शास्त्र? मला वाटलं, पाठदुखीच्या इलाजालाच ह्या शास्त्र म्हणत असतील.

ते गेल्यावर देवश्री दार लावून वळली. “आई, तू त्यांना काय केलंस?” मी म्हटलं, काय केलं म्हणजे? त्यांनी शेक मागितला, दिला. “काय मागितलं?” म्हटलं, शेके, शेके. तशी ती खालीच बसली. हसते की रडते कळेना. “आई! शेके म्हणजे शेक नाही गं! शेके म्हणजे उकडतंय! कानडीत उकडतंय!”

हे भगवंता! म्हणजे ती बाई सकाळपासून उकडतंय, उकडतंय म्हणत होती, आणि मी तिच्या पाठीवर उकळतं पाणी बांधलं! “आणि बेडा म्हणजे?” मी विचारलं. “बेडा म्हणजे नको!” आणि मी? उजवीकडे! डावीकडे!

मी म्हटलं, संपलं. मोडलं लग्न. माझ्या हाताने मोडलं. आत्ताच्या आत्ता जाते अग्रहारात आणि पाय धरते. पदर खोचला, चपला घातल्या, आणि विक्रांतचा फोन आला. देवश्रीने ऐकून घेतला, ठेवला आणि म्हणाली, “होकार आहे.”

होकार?

तुम्हाला सांगते, विक्रांतनेही आपल्या आईला आदल्या दिवशी समोर बसवलं होतं! “अम्मा, त्यांच्या पद्धती वेगळ्या. काही विचित्र वाटलं तरी नको म्हणायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही.” बाईंना वाटलं, महाराष्ट्रात विहिणीची पाठ शेकायचा मानच असतो! घरी जाऊन म्हणाल्या म्हणे, ‘एवढं शेके होत असतानाही स्वतः घामाघूम होऊन त्यांनी शास्त्र पार पाडलं. आणि माझ्या बोलण्याला एकदासुद्धा हसल्या नाहीत. ह्याच घरची पोर पाहिजे.’

मी म्हटलं, नाही, खोट्यावर पोरीचा संसार नको, मी खरं सांगून टाकते. तर देवश्रीने माझे हात धरले. “आई, खरं सांगशील म्हणजे काय सांगशील? की तुमचं मराठी मला कळलं नाही. त्यांना तीच तर भीती होती!” घ्या! मी पायातल्या चपला काढून ठेवल्या.

परवा साखरपुडा झाला. भर मे महिन्यात! अग्रहारातलं कार्यालय, सगळ्या गल्लीतल्या बायका आलेल्या, मी पैठणीत, काठापदरासकट वाफाळलेली. वरपक्षाकडची ताटं आली. एका ताटात साडी, एकात नारळ, एकात मैसूरपाक... आणि एका ताटात, लाल कोरी करकरीत रबरी पिशवी! तिला हळदीकुंकवाची बोटं लावलेली! गच्च भरलेली! वाफ येत होती तिच्यातून! गोदावरीबाई म्हणाल्या, “तुम्ही आम्हाला मान दिला, आता आम्ही देणार. बसा विहीणबाई, पुढे वाका.”

बसले. काय करते? वाकले. लावली पाठीला. वरून दोन बायकांनी दाबून धरली, शास्त्राला कमी पडू नये म्हणून. देवश्री समोर उभी, डोळ्यांनी विनवणी करतेय, आई, एवढं सांभाळ. आणि गोदावरीबाई माझ्या कानाशी वाकल्या, अगदी मायेने म्हणाल्या, “शेके तर नाही ना होत तुम्हाला?”

कानडीतला एक शब्द... एकच शब्द मला पुरता समजलेला, हाडापर्यंत समजलेला! आणि तोच बोलायची सोय नाही! सगळं अग्रहार माझ्या तोंडाकडे बघतंय. मी नाकावरचा घाम पुसला, हसले आणि म्हटलं,

“छे हो! मैसूरची हवा किती छान!”