तळ्यावर उभी राहिलेली बाई

पवनीच्या स्टँडवर गोमाजी जपमाळ ओढत बसले होते. एकाच ओवीवर दोन तास रंगणारे कीर्तनकार त्यांच्या भारी आवडीचे. त्यामुळे शेजारच्या बाकावर सुलोचनाबाई आणि त्यांची दहावीतली खुशबू कवितेवरून भांडू लागल्या, तसा त्यांचा कान तिकडेच वळला. सुलोचनाबाईंचं बोट पुस्तकातल्या ओळीवर होतं.

“‘तळं भरलं, तरी ती रिकामी घागर घेऊन उभीच.’ काहून उभी, सांग.”

“कवीला निसर्गाची ओढ आहे.”

“हे तं गाइडातलं होय! मॅडमनं दोनदा खोडलं ना?”

“आज तोंडी विचारनार हाये. पुन्हा चुकलं तं नापासच.”

“मंग डोकं चालव. घागर भरली तं काय होते?”

“जड होते.”

“अवं येडे, भरली तं घरी जा लागते! कोणी येनार असन, म्हणून भरूनच नाही राहिली.”

“आई! तुले कसं समजलं?”

“मी नाही उभी राहिली का माहेरच्या तळ्यावर? दोन-दोन घंटे!”

“हे मॅडमले सांगू?”

“सांग. माहं नाव नको घेऊ.”

“बाबासाठीच ना?”

गोमाजींची माळ थांबली.

“एस.टी. आली, उठ.”

“कुठी आली?”