आत्यांना मोठ्यानं हाक मारू

पाहुण्यांनो, भाऊबंदांनो, आणि पंचवटीच्या बाजारातून फुलांच्या पाट्या तशाच झाकून आलेल्या माझ्या बायांनो. मी सुनंदा, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलोय त्या आत्यांची सून. सासूबाईंना मी आत्याच म्हणायचे. मला भाषण येत नाही. पण एक गोष्ट बोलले नाही तर मन हलकं व्हायचं नाही.

आत्या तीस वर्षं बाजारात फुलं विकायला बसल्या. मग कान गेले. गिऱ्हाईक मागायचं एक, त्या द्यायच्या दुसरंच. आम्ही हसायचो. कानाचं मशीन आणलं. ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी काढलं, आम्ही कपाटात टाकलं. वर म्हणालो, आत्या, लय कष्ट झाले, आता आराम करा. गावानं कौतुक केलं आमचं.

आराम म्हणजे काय दिलं हो आम्ही? एक खुर्ची, आणि ऐकू न येणारा टीव्ही. बीपीची गोळी राहिली तर राहिली. ओरडावं लागतं म्हणून आम्ही बोलणंच कमी केलं. दोन वर्षांत आत्या मला विचारायला लागल्या, "तू कोनाची गं?"

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा हा आजार वयामुळं होतो, घराण्यातही असतो. पण कान जाणं, बीपी, माणसांत मिसळणं थांबणं, यांनीही धोका वाढतो. मी विचारलं, आमच्यामुळं झालं का? ते म्हणाले, तसं कुणालाच सांगता येणार नाही. आयुष्य किती उरलं, तेही सांगता येणार नाही. वय, बाकीचे आजार, खाणंपिणं, पडणं, सगळ्यावर असतं.

मग मी त्यांच्यापुढं शेवंतीची पाटी आणि दोरा ठेवला. हात जरासुद्धा चुकला नाही. नवीन मशीन बसवलं, शेजारी बसून बोलायला लागले. माझं नाव काही त्यांना आठवलं नाही. पण एकदा वेणी पुरी झाली, ती माझ्याच केसांत माळली आणि म्हणाल्या, "तुझी सासू चांगली हाय का गं?"

"लय चांगली हाय," मी म्हणाले.

अशी तीन वर्षं मिळाली. आधीची दोन मात्र मी घालवली. तुम्ही घालवू नका. घरच्या म्हाताऱ्या माणसाचे कान तपासा, बीपी बघा, आणि मायेपोटी त्याचं काम काढून घेऊ नका.

आता शांत उभं राहायची रीत आहे. पण शांतता आत्यांना आम्ही फार दिली. आज नको. बाजारात सकाळी त्यांना मावशी म्हणून घालायचात तशी साद घाला, सगळ्यांनी, त्यांना ऐकू जाईल अशी.

राम राम, मावशी.