किवीचं पीस झडलं नाही

नेवाडाच्या वाळवंटात अणूच्या जोरावर चालणारं ‘किवी’ नावाचं रॉकेट-इंजिन तयार होत होतं. एल्डन त्यावरच कामाला होता, पण घरी त्याबद्दल अवाक्षर काढायची त्याला बंदी होती. त्याची बायको इर्मा खाटकाच्या दुकानात रांगेत उभी होती. पुढच्या दोघांच्या छातीवर एल्डनसारखेच बिल्ले होते.

“मागच्या खेपेला काय पिसं झडली होती रे पक्ष्याची!”

“पिसं कसली? आतडीच ओकला होता. आभाळभर ठिणग्या!”

“आणि आज?”

“एक पीस झडलं नाही. शेवटपर्यंत नुसता डरकाळत होता.”

“म्हणजे एल्डनचंच खरं निघालं. आतून थरथरतोय, आवळून बांधा, म्हणून घसा फोडत होता बिचारा.”

“आणि आपण खिदळत होतो, लेका! आता बघ, टोपी तोंडावर घेऊन खुर्चीतच घोरतोय.”

खाटकाने मान वर केली. “कोंबडीचं चाललंय का?”

“किवीचं हो. त्याला उडता येत नाही.”

“मग पाळलाय कशाला?”

“उडायला शिकवतोय!”

दोघे हसत बाहेर पडले.

“बाई, नेहमीचा खिमा ना?”

“नको. तो मोठा तुकडा द्या, हाडासकट,” इर्मा म्हणाली. “आणि कशासाठी ते विचारू नका. मला काही माहीत नाही.”