डोळे तेवढे सरळ करा

नाही हो, फोटो छानच काढलाय तुम्ही, तक्रार नाही — फक्त डोळे. डोळे तेवढे जरा सरळ करता येतील? तिरपे दिसतात ना, बोटानं ओढल्यासारखे. कॉम्प्युटरवर होतं म्हणे. लग्नाच्या फोटोत सावळ्यांना गोरं करताच की तुम्ही! मग माझ्या लेकीचे डोळे — महिन्याची पोर, तिला काय कळतंय?

असं बघू नका माझ्याकडे. आजारी नाही ती. म्हणजे — एक गुणसूत्र जास्त आहे. डाउन सिंड्रोम. हृदयाला छिद्र आहे, त्याचं ऑपरेशन होईल, बरं होईल म्हणतात. डोळे असेच राहणार. मला चालतात हो, माझी पोर आहे! फोटो आईसाठी हवाय. ती लांब असते, रोज फोन — नात दाखव, नात दाखव. आणि ती एका नजरेत ओळखेल. कशी म्हणजे? तिचा सख्खा भाऊ असाच होता. माझा मामा. आमच्याकडेच असायचा, मला खांद्यावर घेऊन घरभर नाचायचा — आणि दारात पाहुणे दिसले की आई त्याला मागच्या खोलीत घालून कडी लावायची. तो आतून हाका मारायचा, मग आई रेडिओ मोठा करायची.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? बायको शेजारीच बसलेली. मी म्हटलं, छे, कुणालाच नाही. बहुतेकदा घराण्यातून येत नाहीच म्हणाल्या त्या, पण क्वचित येतं, म्हणून विचारतात. आता बायको स्वतःलाच बोल लावते — काय चुकीचं खाल्लं, कुठली गोळी घेतली — आणि मी आपला मान खाली घालून ऐकतो. — हे तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी?

झाले? बघू. — अहो, ही कोण? नाक तेच, हनुवटी तीच, पण ही — ही नाही हो माझी मुलगी! नको. पुसा. पुसा म्हणतो ना! आधीचा आणा. हां, हीच. पाठवा माझ्या मोबाइलवर, आत्ता, नाहीतर पुन्हा कच खाईन. आला. आता आईला — गेला. बघितलासुद्धा तिनं.

फोन वाजला. तिचाच. — हॅलो. हो आई. हो, दिसतंय तुला ते खरंय. नाही, तुझ्या सुनेला अजून मामाचं सांगितलं नाही — आज सांगतो, डॉक्टरांनाही सांगतो. आई? आई, बोल ना काहीतरी — अहो, दुकान तुमचं आहे, कळतंय मला, पण जरा बाहेर थांबता का?