रानात पडेल ते रानाचं

नांगरलेल्या रानावर धुकं. ढेकळांची डोकी तेवढी वर.

एक बाई कोकराच्या कानात काहीतरी सांगते आहे.

पोरीला सासरी पाठवताना आई रडत नाही, मेंढी रडते.

कुत्रं जेवून झोपलंय.

सकाळचा चंद्र, फिका, कोणीतरी विसरून गेल्यासारखा.

मंडळी, गोंधळलात? गोंधळा थोडं. झोप लागण्याआधी डोळ्यांपुढं असंच येतं की नाही, कशाचा कशाला मेळ नसलेलं? पेटीवाले, सूर सोडू नका, पण हळू. आज आख्यान असंच पेंगत पेंगत सांगणार आहे. ज्यांना खरीच झोप लागेल त्यांना मी उठवणार नाही. शेजाऱ्यानं उठवावं, कारण घोरण्याला ताल नसतो आणि तबलजींची पंचाईत होते.

आता प्रश्न. जे आपलं आहे, जे आपण जिवापाड जपतो, त्याच्यासाठी कोणाला मारायची वेळ आली, तर हात उचलण्याआधी माणसानं कुठं बघावं? शत्रूकडं? देवाकडं? मनात उत्तर धरा आणि ऐका.

माणदेशात कुरणवाडी नावाचं गाव. हिवाळ्याचे दिवस. जोतिराम काशीद नावाच्या शेतकऱ्याचं एक रान नांगरून मोकळं पडलेलं, पुढं कांदा लावायचा होता. रानाला खत हवं. म्हणून त्यानं धनगराची मेंढरं रानात बसवायला बोलावली. धनगर मायाप्पा आणि त्याची बायको हौसा. मेंढरं रानात बसणार, लेंडी-मूत मातीत मुरणार, बदल्यात जोतिराम धान्य देणार. जुनी रीत.

पण जोतिराम खताच्या बाबतीत भारी चिकट. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मायाप्पा, एक बोली पक्की. रानात पडेल ते रानाचं. लेंडी म्हणू नकोस, लोकर म्हणू नकोस, जे पडेल ते माझ्या मातीचं. आणि खड्डे खणायचे नाहीत. नांगरट नीट झालीय."

मायाप्पा म्हणाला, "दिला शब्द."

आणि शब्द म्हणजे काय पाळावा त्यानं! बांधावर आला की वहाणा काढायचा, तळाला चिकटलेली लेंडी काठीनं खरवडून परत रानात टाकायचा. हसू नका. आपल्यातले किती जण एवढे प्रामाणिक आहेत? मी तर वहाणा देवळाबाहेर काढतो ते त्या परत मिळाव्यात म्हणून.

आता मेंढरं बसतात कशी, तेही सांगतो. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्या ठोकून तिचं गोल कुंपण करायचं, मेंढरं आत. दुसऱ्या दिवशी खुंट्या उपटून वाघर पुढच्या पट्ट्यात. असं सरकत सरकत सगळं रान खतावतं. लांबून बघितलं तर पांढरा ढग रोज थोडा पुढं गेलेला दिसतो. कोणी ढकलत नाही, तरी जातो.

आणि ते दिवस मेंढ्या व्यायचे. व्यालेल्या मेंढीची वार, म्हणजे नाळेबरोबरचा गोळा, पडते, एखादं कोकरू मेलेलं जन्मतं. दुसरीकडं मायाप्पा हे सगळं खड्डा घेऊन पुरायचा, वर दगड ठेवायचा. इथं? रानात पडेल ते रानाचं. खणायचं नाही. मग जिथलं तिथं राहू लागलं.

मग एका पहाटे कोकरू गेलं. धुक्यातून आलं कोणीतरी, धुक्यात गेलं. मऊ मातीत कोल्हिणीची पावलं, चिमटीनं रांगोळी टाकावी तशी नाजूक. कुत्रं? कुत्र्यानं आदल्या संध्याकाळी वारेवर ताव मारला होता. ते झोपेत शेपटी हलवत होतं.

मग दुसरं गेलं. मग हौसाचं गेलं.

हौसाचं म्हणजे काय, मायबहिणींना कळलं असेल. लग्नात तिच्या आईनं तिला एक मेंढी दिली होती. त्या मेंढीची लेक, त्या लेकीची लेक, ही सगळी हौसाची, मायाप्पाचा त्यावर हक्क नाही. आई पुढं गेली. माहेर उठलं. रोगराईत हौसाची मेंढरंही गेली आणि त्या वंशात दोनच कोकरं उरली. जुळी. त्यातलं एक त्या पहाटे कोल्हिणीनं नेलं. राहिली ती पिंगळी. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका.

हौसा रडली नाही. पिंगळीच्या कानात काहीतरी बोलली आणि उठून तडक जोतिरामच्या दारात.

"काशीददादा, उंदराचं औषध हाय का घरात?"

"हाय की. किती उंदीर झालेत?"

"एकच. चांगला कुत्र्याएवढा हाय."

जोतिरामनं पुडी दिली. मायाप्पा मागनं धावत आला. "हौसे, मेंढरं बसल्या रानात विष? आपल्यात करत न्हाईत असं."

"तुमच्यात काय करत्यात मग? बघत बसत्यात?"

"कुत्र्यानं खाल्लं तर?"

"त्याला बांधते. तुमास्नीबी बांधू का?"

मायाप्पा गप्प. बायकोचं बोलणं खरं असलं की नवरे गप्प होतात, खोटं असलं की जरा जास्त गप्प होतात.

दुपारी बाभळीखाली त्याचा डोळा लागला. आता हे ऐका. पेटीवाले, आणखी हळू.

स्वप्नात मायाप्पा वाघरीच्या आत. मेंढरांत मेंढरू. अंगाला ऊब, तोंडाला गवताची चव. बाहेर बांधावर ती कोल्हीण बसलेली, आणि डोक्याला त्याचा पटका. ती हाक मारतेय, एकेका मेंढीला नावानं, अगदी त्याच्याच आवाजात. मेंढ्या माना वर करतात. आणि साऱ्या नांगरटीत, बांधापासून थेट वाघरीपर्यंत, पंगतीची पानं मांडलेली. हिरवीगार. एकापुढं एक, एकापुढं एक. शेवटचं पान त्याच्या पायाशी. कोल्हीण उठते, पहिल्या पानावर बसते. उठते, पुढच्या पानावर बसते. घाई नाही. जेवायला बोलावलेल्या पाहुण्याला कसली घाई?

मायाप्पा ओरडायला जातो. तोंडातून "बें" निघतं.

जागा झाला, घामानं भिजलेला. हौसाला सांगितलं. ती म्हणाली, "पटका कुठला हुता, लाल का पांढरा?"

"लाल."

"मग तिला शोभला असंल." आणि ती विष कालवायला बसली.

सकाळी एक कोकरू मेलेलं जन्मलं होतं. त्याच्या पोटात पुडी रिकामी केली. पाटीत घेतलं, वर फडकं टाकलं. कुत्रं बांधलं. दिवस कलला, धूळ सोनेरी झाली, तेव्हा ती निघाली. वाघरीजवळ विष नको म्हणून मागं मागं, जिथनं मेंढरं बसायला सुरुवात झाली त्या बांधाकडं.

मेंढरं पुढं सरकत होती. ती उलटी, मागं चालली होती. कालच्या पट्ट्यातून परवाच्यात, परवाच्यातून त्याच्या मागच्यात. आजवर त्या बाजूला कोणी फिरकलंच नव्हतं. कशाला फिरकेल? तिकडं काम संपलेलं.

कालच्या पट्ट्यात चाटून लख्ख केलेली माती. परवाच्यात हाडकं. त्याच्या मागं सुकलेली वार, अर्धी ओढलेली. प्रत्येक पट्ट्यात काहीतरी. आणि या सगळ्यांतून, दोरी ओढावी तशी, पावलांची एक सरळ वाट. बांधापासून वाघरीकडं. रोज एक पट्टा पुढं.

हौसा थांबली.

बांधावर कोल्हीण बसली होती. पळाली नाही. दाणे टाकणारी बाई दिसली की कोंबड्या बघतात ना, तशी बघत होती. हौसाकडं नाही, पाटीकडं. शेपटी एकदा मातीवरून फिरवली. मग उठून दोन पावलं पुढं आली आणि पुन्हा बसली. शहाण्यासारखी. वाढायची वाट बघत.

हौसा हळूच म्हणाली, "म्हंजे आमीच गं."

मंडळी, पाटीत विष आहे. समोर जिनं तिच्या आईची शेवटची खूण निम्मी खाल्ली ती. फडकं काढायचं, पाटी खाली ठेवायची, एवढंच. कोल्हीण हातातून खाईल इतकी जवळ. पिंगळीला धोका नाही, हौसाला कोणी दोष देणार नाही. तुम्ही काय केलं असतं? बोलू नका. मला ऐकायचं नाही.

हौसानं पाटी बगलेत घट्ट धरली, वाकून ढेकूळ उचललं आणि मारलं. नेमकं बरगडीवर. कोल्हीण दचकली. घरच्या माणसानं हात उगारल्यावर बघावं तसं तिनं बघितलं. हौसानं दुसरं मारलं. तिसरं मारलं. "भी," म्हणाली, "भी मला. भी की गं." आणि आता मात्र ती रडत होती, मारताना रडत होती. कोल्हीण ओढ्याच्या झुडपात शिरेपर्यंत ढेकळं संपली नाहीत.

ही दया होती का राग होता, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

परत येताना ती जोतिरामच्या दारात थांबली. "दादा, रानात खड्डा घेणार हाय. पडंल ते रानाचंच, पण पुरून."

"बोली काय झाली होती? खड्डे न्हाईत. बैलाचा पाय अडकंल."

"बरं. मग जे पडंल ते रोज सकाळी तुमच्या उंबऱ्यात आणून टाकते. तुमचंच हाय."

जोतिरामनं पाटीकडं बघितलं. वास घेतला. "खोल घे मग खड्डा," म्हणाला.

विषाचं कोकरू कमरेइतकं खोल गेलं, वर दगड. मायाप्पानं सगळे पट्टे झाडून जे पडलं होतं ते पुरलं. वाघरीभोवती बाभळीच्या फांद्या लावल्या. कोकरं मेंढ्यांच्या मधोमध. आणि कुत्र्याचं जेवण दिवस वर आल्यावर. ते बिचारं पहाटे जागं राहायला लागलं, आणि जागं झाल्यावर त्याला आठवलं की आपण भुंकायचं असतं.

कोल्हीण आली. काही पहाटे आली. जुन्या पट्ट्यांतून हुंगत हिंडली, धुक्यात धुकं होऊन. एकदा तिनं मायाप्पाचं एक कोकरू नेलंच, मी खोटं सांगणार नाही. मग येईनाशी झाली. ओढ्याला खेकडे असतात, रानात उंदीर असतात. तिला दुसरी पंगत ठाऊक होती.

पिंगळी वाढली. व्याली. आता कुठल्या तरी रानात तिच्या लेकीची लेक पांढऱ्या ढगात चालत असेल.

आता तुमचं. तुमच्याही दाराशी कोणी येऊन बसतंय. कोणाचा भाऊ भांडायला येतो, कोणाची जाऊ खोचक बोलायला येते, कोणाच्या पोराला कुठली बाटली येऊन नेते. आणि तुम्ही पुडी शोधताय. शोधा. पण निघण्याआधी एकदा, आपण ज्या पट्ट्यांतून आलो त्यांतून उलटं चालून या. काल जेवताना काय टाकलंत? परवा कोणाच्या तोंडावर काय टाकलंत? ते पडलं तिथंच आहे. मातीनं खाल्लं असं तुम्हाला वाटतंय. मग ढेकूळ मारायचं तर मारा, मी नको म्हणणार नाही. पण पुरायचं ते पुरून या.

जोतिरामच्या त्या बांधावर, मेंढरं बसायच्या आधी, कोल्हा कधी कोणाला दिसला नव्हता.