लांडग्याची जत्रा

नामांतराच्या मोर्चामुळे फुलंब्रीची एसटी लांबली होती. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच माहेरी निघालेली द्वारका रांगेत उभी होती. तिच्या पुढे मेंढरं राखणारा म्हातारा मल्हारी आणि त्याचा पुतण्या कडूबा बोलत होते.

“तात्या, लांडग्याच्या सिनेमाचा तिसरा भाग लई चालला. आता वाळूजला कारखान्यांमागं त्याची कायमची जत्राच बांधणार म्हणं!”

“पाळणे बी?”

“पाळणे, गुहा, अन् यंत्राचा लांडगा. थेट अंगावर येतो!”

“मेंढरं किती ठेवणार?”

“मेंढरं कशाला?”

“मेंढरांबिगर लांडगा येईल व्हय, येड्या? आपली नेऊ.”

“बांधायला लई वर्षं लागतील, तात्या.”

“लागू दे. ते बघितल्याबिगर मी मरत नाय!”

एसटी आली. द्वारकेनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली.

“बाबा, इथं बसा. लांडग्याचं पुढं सांगा.”