वजीर सांभाळ

मी बुद्धिबळ लय भारी खेळतो म्हणताय, तर हे ऐका. भांडगावात मला खेळ शिकवला शेजारच्या आप्पांनी. आमच्या पारावर रीत हाय, समोरच्याचा वजीर मारात आला की आधी "वजीर सांभाळ" म्हणायचं. आप्पांनी मला हजारदा सांगितलं असंल.

पुढं कुरकुंभला कंपनीत लागलो. जाता-येता बसमध्ये मोबाईलवर खेळून डाव सुधारला. एका सुट्टीला आप्पांचा वजीर माझ्या घोड्याच्या मारात आला. मी गपचूप उचलला.

"सांगितलं न्हाईस?" आप्पा म्हणाले.

"आप्पा, खऱ्या खेळात कोण सांगतंय?"

पारावरची माणसं हसली. आप्पाही हसले आन् उठले. परत माझ्यासंगं कवा बसलेच न्हाईत.

परवा कंपनीतला एक दोस्त आला, त्याच्याशी पारावर डाव मांडला. आप्पा मागं बसून बघत व्हते. दोस्तानं माझा वजीर उचलला, तवा मला कळलं तो मारात व्हता.

मी वळून म्हणालो, "आप्पा, तुम्हाला दिसलं असंल की."

"दिसलं ना," आप्पा चपला घालत म्हणाले, "पण तुमचा खरा खेळ चालला व्हता."